सर्जेरावाने खलिता का उघडला नाही? (दहा गुण)

६ जानेवारी, सोमवार

नव्या वर्षाचा संकल्प सहा दिवस उशिरा लिहितोय. दोष माझा नाही. छायाने ही डायरी किराण्याच्या यादीसाठी पळवली होती. पहिल्या पानावर 'तूरडाळ दोन किलो, हिंग' असं आहे. बायको म्हणून तीस वर्षं झाली, पण डायरी आणि वही यातला फरक तिला अजून कळलेला नाही. पान फाडलं.

संकल्प : यंदा चिडायचं नाही. डॉक्टर म्हणाला बीपी एकशे साठ आहे. असेलच. मोजायच्या आधी पाऊण तास बाहेर बसवून ठेवलं त्याने.

आज एस.वाय.च्या वर्गात सर्जेरावांचं नाटक सुरू केलं. पाच अंकी, जुनं, अस्सल शोकान्त. बावीस वर्षं शिकवतोय. किल्लेदार सर्जेराव. मुलगा यशवंत बापाची परवानगी न घेता गड सोडून जातो. मग तिकडून बापाला खलिता पाठवतो. सर्जेराव तो उघडत नाही, तसाच पेटीत ठेवतो. पाचव्या अंकात उघडतो तेव्हा कळतं की शत्रू मागच्या खिंडीतून येतोय आणि पोरगा तिथे एकटा उभा आहे, मदत पाठवा. तोवर यशवंत मेलेला असतो. पडदा.

शिकवताना माझा आवाज भरून आला. वर्गात सतरा जण. त्यातले चार जागे.

९ जानेवारी, गुरुवार

कुंदन येऊन गेला. सव्वा वर्षाने.

मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. पेपर खाली केला नाही. तो म्हणाला, बाबा, हे तुमच्यासाठी. टीपॉयवर पाकीट ठेवलं, दोन मिनिटं उभा राहिला, आईकडे पाणी मागितलं आणि गेला. पाठीमागून पाहिलं, वाळलाय. वाळणारच. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकून सातपूरच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कापायला गेला तो. प्राध्यापकाचा मुलगा! मी त्याच्यासाठी नेटच्या परीक्षेची पुस्तकं आधीच आणून ठेवली होती. मला न विचारता गेला, वर म्हणाला, मला मशीन आवडतं. मशीन काय आवडण्याची गोष्ट आहे?

पाकीट जाड आहे. आत काय असणार ते उघड आहे. माफीनामा. जाड आहे म्हणजे सविस्तर माफी मागितलेली दिसते. चांगलं आहे. पण मी लगेच उघडणार नाही. सव्वा वर्ष त्याने मला वाट बघायला लावली, आता थोडी त्याने बघावी. टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. वर स्टेपलर.

छाया म्हणाली, उघडून तरी बघा. मी म्हटलं, तूच सांग काय आहे. तर म्हणते, सांगणार नाही, त्याने शपथ घातलीय, तुम्हीच वाचायचंय. बघा! आईला शपथा घालतो. हे संस्कार.

१३ जानेवारी, सोमवार

आज दुसरा अंक. सृष्टी नावाची एक मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते, आडगावहून बसने येते, वडील फुलं पिकवतात. तिने हात वर केला आणि विचारलं की सर, सर्जेरावाने खलिता उघडला का नाही? उघडला असता तर नाटक तिथंच संपलं असतं.

पोरं हसली. मला हसू आलं नाही. मी सांगितलं की याला तत्त्व म्हणतात. बापाचा शब्द मोडून गेलेल्या मुलाचा कागद बापाने लगेच फोडायचा, तर बापाची किंमत काय राहिली? तो कठोरपणा म्हणजेच त्याचं प्रेम. हीच शोकान्तिका. लिहून घ्या. पोरांनी लिहून घेतलं. सृष्टीने पेन खाली ठेवलं. मी पाहिलं ते.

चिडलो नाही. फक्त डस्टर जरा जोरात ठेवला. खडूची धूळ माझ्याच शर्टावर.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

ओझरहून दादांचा फोन. दादा म्हणजे माझे वडील, खंडेराव. वय चौऱ्याऐंशी, विमानाच्या कारखान्यातून रिटायर, धाकट्या भावाकडे राहतात. तिळगूळ घ्या वगैरे झाल्यावर विचारतात, कुंदनचं पाकीट उघडलं का रे? म्हणजे यांनाही माहीत! सगळ्या नाशिक जिल्ह्याला माहीत आहे, मीच काय तो बाकी.

म्हटलं, वेळ मिळाला की बघेन. तर म्हणाले, लय चांगलं काम करतंय पोरगं, बघ लवकर.

लय चांगलं काम! हे कोण बोलतंय? मला त्यांनी कारखान्यात अप्रेंटिसला चिकटवायचं ठरवलं होतं, फॉर्म भरून आणला होता. मी मराठीत एम.ए. केलं. लेक्चररची नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन ओझरला गेलो तर पेढ्याला हात लावला नाही या माणसाने. बॉक्स तसाच कपाटावर. चार दिवसांनी मुंग्या लागल्या. आपल्या मुलाच्या आनंदाच्या दिवशी बापाने यायला नको? एक पेढा तोंडात टाकायला नको? काय दगड असतात काही माणसं.

संक्रांतीलाही बीपी वाढवतात लोक.

१७ जानेवारी, शुक्रवार

अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासले. प्रश्न नेहमीचाच : सर्जेरावाने खलिता का उघडला नाही? पिता-पुत्र संबंधाच्या आधारे लिहा. गुण दहा.

सोळा जणांनी माझ्या नोट्स जशाच्या तशा उतरवल्या. स्वतःचं डोकं म्हणून काही चालवायला नको. तरी सात-सात दिले, कारण मुद्दे बरोबर होते.

सृष्टीचा पेपर मात्र बघा. लिहिते : 'सर्जेरावाला वाटत होतं की खलित्यात माफी आहे. माफी कधीही वाचता येते, म्हणून त्याने घाई केली नाही. मुलगा आपल्याला दुसरं काही सांगू शकतो, हे त्याच्या मनातच आलं नाही. यात तत्त्व नाही. त्याला रुसून बसायला आवडत होतं.'

रुसून! किल्लेदाराला रुसून म्हणते! तीन गुण दिले. खाली लाल शाईने लिहिलं : 'पाठ्यपुस्तक नीट वाचा.' ते लिहिताना कागद फाटला.

२० जानेवारी, सोमवार

चांगली बातमी. तीस तारखेला, गुरुवारी, सकाळी अकराला कॉलेजात चर्चासत्र. माझं बीजभाषण. विषय : 'शोकान्त नाटकातील पिता-पुत्र संबंध'. नाशिकमध्ये या विषयावर बोलण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला आहे? संपूर्ण हॉल. दीडशे खुर्च्या.

हे मला कौसर मॅडमनी कॉरिडॉरमध्ये सांगितलं. कौसर मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी ज्युनियर, पण प्रमुख त्या. असो. वर म्हणाल्या, सर, बाकी डिटेल्स ग्रुपवर टाकत जाईन, बघत जा. मी हो म्हटलं. तो ग्रुप मी त्या प्रमुख झाल्या त्याच दिवशी म्यूट करून टाकलाय. ज्याला काम असेल त्याने समोर येऊन सांगावं. रोज अठ्ठावीस गुड मॉर्निंग कोण बघणार?

नवा संकल्प : रोज एक तास भाषणाची तयारी. भाषण चाळीस मिनिटांचंच. आटोपशीर.

२३ जानेवारी, गुरुवार

भाषण एक तास दहा मिनिटं झालंय. काय काढायचं तेच कळत नाही. सगळंच महत्त्वाचं.

बेडरूमच्या आरशासमोर तालीम केली. 'बापाच्या मौनात जो ओलावा असतो...' इथपर्यंत आलो आणि छाया कपड्यांच्या घड्या घेऊन आत आली. म्हणाली, मौन पुरे झालं, ते पाकीट उघडा. मी म्हटलं, चर्चासत्र होऊ दे. मग निवांतपणे वाचीन, आणि मोठ्या मनाने माफ करीन. तेही ठरवलंय. त्याला फोन करून एवढंच म्हणणार, ये जेवायला. बस.

छाया म्हणाली, तोवर उशीर होईल. मी म्हटलं, माफीला कसला उशीर? तर टॉवेल तसेच पलंगावर टाकून गेली. घड्या मी घातल्या. नीट आल्या नाहीत. तिच्यामुळेच.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. प्राचार्यांचं भाषण सत्तावीस मिनिटं, माईक खराब. माणसाला स्वतःचं भाषण कुठे थांबवायचं ते कळायला हवं.

कौसर मॅडम गर्दीत लांबून हातवारे करून मोबाईल दाखवत होत्या. मीही हात हलवला. बहुतेक शुभेच्छा देत असाव्यात. प्रमुख झाल्या तरी आदर आहे थोडा.

२९ जानेवारी, बुधवार

भाषण : एक तास पंचवीस मिनिटं. ठीक आहे. चांगल्या भाषणाला लोक घड्याळ बघत नाहीत.

छायाने विचारलं, उद्या अकराला तुम्ही कुठे असाल? मी म्हटलं, महिनाभर सांगतोय ना, चर्चासत्र! तर खाली बसली. म्हणाली, अहो, उद्याच? मी म्हटलं, उद्याच. तिने ड्रॉवरकडे पाहिलं. पुन्हा तेच. मग मी ओरडलो. ओरडलो म्हणजे आवाज चढवला. शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला, त्यावरून थोडा जास्त चढला असावा. माझ्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या दिवसाच्या आदल्या दिवशी या घरात मला शांतता मिळू नये?

ती एवढंच म्हणाली की शपथ मोडायची नाहीतर काय करायचं मला सांगा. मी म्हटलं, काही करू नकोस, इस्त्री कर. केली.

३० जानेवारी, गुरुवार. सकाळी सव्वानऊ

छाया मोरपंखी पैठणी नेसून बाहेर निघाली. कुठे म्हटलं तर म्हणे, एक कार्यक्रम आहे. नवऱ्याचं बीजभाषण सोडून हिला हळदीकुंकू सुचतंय! दारात थांबून म्हणाली, आज तरी उघडा, अजून दोन तास आहेत. मी म्हटलं, माझी एकाग्रता मोडू नकोस.

नाशिक रोडहून रिक्षा मिळत नाही. चाललो.

३० जानेवारी. दुपारी पाऊण

काय लायकीची पिढी आहे ही! दीडशे खुर्च्या, माणूस एक नाही. अकराला हॉल उघडला तोही मीच, शिपाई मंगळूला शोधून आणून. सव्वाअकरा. साडेअकरा. मी स्टेजवर एकटा. बारा वाजता दोन पोरं आली, मला वाटलं सुरुवात झाली. ती पंख्याखाली डबा खायला आली होती. मला बघून पळाली.

पण मी माघार घेणारा नाही. साडेबारापर्यंत थांबलो. मंगळूला पुढच्या खुर्चीत बसवलं आणि पहिली दहा मिनिटं बोललो. ओलाव्यापर्यंत. मंगळू म्हणाला, सर, भाषण भारी हे, पण कार्यक्रम पुढच्या महिन्यात गेला ना? अध्यक्षांना ताप आलाय. पाच दिवस झाले, सगळ्यांच्या मोबाईलवर आलंय.

मोबाईल काढला. 'मराठी विभाग', न वाचलेले तीनशे बारा. त्यात पंचवीस तारखेला कौसर मॅडमचा मेसेज. नावानिशी : बोरस्ते सर, कृपया नोंद घ्यावी. खाली आणखी एक : सर, मिळालं का? आणखी एक.

हा काय निरोप देण्याचा प्रकार झाला? घरी माणूस पाठवता आला नाही?

३० जानेवारी. संध्याकाळी सहा

छाया आली. पेढ्याचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि आत गेली. दुपारपासून पोटात काही नव्हतं. दोन पेढे खाल्ले. मलईचे, ताजे. तिसरा हातात घेऊन विचारलं, कसले पेढे?

आतून म्हणाली, डाव्या ड्रॉवरमध्ये आहे.

स्टेपलर काढला. पाकीट उघडलं. माफीनामा नाही. जाड होतं कारण निमंत्रणपत्रिका होती, सोनेरी कडेची, तीन घड्यांची. 'बोरस्ते प्रिसिजन वर्क्स, सातपूर. उद्घाटन समारंभ. गुरुवार, ३० जानेवारी, सकाळी ११ वाजता. शुभहस्ते : प्रा. दत्तात्रय खंडेराव बोरस्ते.'

माझं नाव. सगळ्यात मोठ्या अक्षरात. प्रा. सकट.

खाली पेनाने, त्याच्या वाकड्या अक्षरात : 'बाबा, माईक सांगितलाय. भाषण कितीही मोठं केलंत तरी चालेल.'

तिसरा पेढा बॉक्समध्ये परत ठेवला.

छाया ओट्याशी उभी राहून सांगत होती, माझ्याकडे न बघता. साडेबारापर्यंत थांबले सगळे. भटजींना दुसरीकडे जायचं होतं, त्यांनाही थांबवलं. कुंदन दर पाच मिनिटांनी रस्त्यावर जाऊन बघत होता. कोणी म्हणालं, फोन लाव, तर नको म्हणाला. बाबांना यायचं असेल तर येतील. मग दादांनी फीत कापली. ओझरहून सकाळी नऊलाच आले होते, टोपी घालून. माईक हातात दिला तर दोनच वाक्यं बोलले. मी माझ्या पोराच्या पेढ्याला हात लावला नव्हता, ती चूक झाली. चला, मशीन चालू करा.

मी म्हटलं, तू मला सांगायला हवं होतंस. छायाने माझ्याकडे पाहिलं. मग मी गप्प बसलो. पहिल्यांदाच बरोबर वेळी.

१ फेब्रुवारी, शनिवार

सातपूरला गेलो. बस, मग चालत. ठरवलं होतं की सरळ आत जायचं, पाठीवर थाप मारायची आणि म्हणायचं, चल, दाखव तुझं मशीन. वाटेत तीनदा म्हणून बघितलं.

शटर बंद. शनिवारी औद्योगिक वसाहतीला सुट्टी असते. पंचावन्न वर्षं नाशिकमध्ये काढली आणि हे लक्षात नाही. कोणी लावली ही शनिवारची सुट्टी? माणसाला मोकळा वेळ शनिवारीच असतो ना!

शटरवर झेंडूचं तोरण, सुकलेलं. बोर्ड छान आहे. अक्षरं निळी.

समोर लंकाबाईची चहाची टपरी. चहा घेतला. तीच सांगायला लागली की परवा इथं लय मोठा कार्यक्रम झाला, कोणी मोठे सर येणार होते, पोरगं सारखं रस्त्यावर येऊन बघायचं. आलेच नाय ते सर. मोठ्या लोकांचं असंच असतंय. मग मला विचारलं, तुमचं काय काम होतं? मी म्हटलं, एक पार्ट बनवायचा होता.

चहात साखर फार होती. सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

वर्गात पाचवा अंक. सर्जेराव पेटी उघडतो, खलिता काढतो. बावीस वर्षं हे पान मी स्वतः वाचतो, पोरांना देत नाही. आज दोन ओळी वाचल्या आणि म्हटलं, उरलेलं घरी वाचा. पोरं खूश. सृष्टीने विचारलं, सर, बरं वाटत नाही का? मी तिचा पेपर मागून घेतला आणि तिनाचे नऊ केले. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, जास्त प्रश्न विचारायचे नाहीत.

एक गुण कापला, कारण हस्ताक्षर.

घरी येऊन कुंदनला पत्र लिहायला बसलो. फोनवर माझा आवाज चढतो, पत्र बरं. 'कुंदन, माझं चुकलं' असं लिहिलं. एकटं वाक्य फार उघडं वाटलं. संदर्भ नको? कोणत्याही विधानाला आधी भूमिका लागते.

५ फेब्रुवारी, बुधवार

पत्र पूर्ण. अकरा पानं. प्रास्ताविक, कुटुंबाची पार्श्वभूमी, दादांचं माझ्याशी वागणं, बी.ए. सोडल्याने झालेलं नुकसान (हे सौम्य केलंय), चर्चासत्राबाबत कौसर मॅडमनी केलेला निरोपाचा घोळ, निमंत्रणपत्रिकेतली एक शुद्धलेखनाची चूक, मग मुख्य मुद्दा, मग समारोप. बांधणी पक्की आहे. मुख्य मुद्दा वाचताना माझेच डोळे भरून आले. चष्मा पुसावा लागला.

छायाकडे दिलं. उद्या ती त्याच्याकडे डबा घेऊन जाणार आहे. तिने वजन करून बघितल्यासारखं हातावर धरलं आणि विचारलं, एवढं काय आहे? मी म्हटलं, सांगणार नाही. त्यानेच वाचायचंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून लक्ष लागत नाही. मोबाईल तीस वेळा बघितला. ग्रुपही उघडला. अठ्ठावीस जणांना गुड मॉर्निंग म्हटलं. कौसर मॅडमनी विचारलं, सर, तुमचा मोबाईल हॅक झालाय का?

छाया पाच वाजता आली. मी खुर्चीतून उठलो नाही. पेपर वर धरला आणि विचारलं, काय झालं?

म्हणाली, हातात दिल्या दिल्या उघडलं त्याने. हात ग्रीसने काळे होते, आधी साबणाने धुऊन आला, पुसले, मग उघडलं. स्टुलावर बसून वाचायला लागला. दोन पानं वाचली. मग माल न्यायला टेम्पो आला. त्याने घडी घालून परत पाकिटात ठेवलं आणि म्हणाला, बाबांचं लेक्चर चाललंय, ठीक आहेत म्हणजे. बाकीचं नंतर बघतो.

मी विचारलं, चेहरा कसा होता? म्हणाली, नेहमीसारखा.

मी पेपर खाली केला. विचारलं, नंतर म्हणजे कधी? ते तिला माहीत नाही.

माफी नवव्या पानावर आहे.